पाणी शिरलं कुठून?

माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस खांदेरी’ २८ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. थळच्या समुद्रातल्या शिवकालीन जलदुर्गाचं नाव मिरवणारी ही पाणबुडी साडेसदुसष्ट मीटर लांब आणि सव्वासहा मीटरच्या आसपास जाड आहे. बहात्तरास एक या प्रमाणात तिची प्रतिकृती करायला घेतली तर ती ९४ सेंटिमीटर लांब आणि साडेआठ सेंटिमीटर जाड होते. योगायोग असा, की कुठल्याही प्लंबिंगच्या दुकानात मिळणारा ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप तिच्या पोटात मापाने कापल्यासारखा बसतो. ठाण्यात किंवा डोंबिवलीत घरच्या टेबलावर रेडिओवर चालणारी पाणबुडी करायला बसलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं आमंत्रण कोणतं? माझगाव डॉकला आणि गोदीत नोकरीला जाणारी माणसं या पट्ट्यात पूर्वीपासून राहत आलेली असल्यामुळे शेजारीपाजारी एखादा तरी खराखुरा जाणकारही सापडतो.

आमंत्रण स्वीकारलं की पहिल्याच रविवारी एक प्रश्न समोर येतो आणि मग तो पिच्छा सोडत नाही: आत पाणी आलं कुठून?

आधी रचना समजून घेऊ. बाहेरून दिसतं ते खांदेरीचं काळं कवच फक्त रूपापुरतं असतं. त्याला खालून भोकं असतात, पाणी त्यात मुद्दाम भरू दिलेलं असतं. कोरडा राहायला हवा तो आतला नळा. बॅटरी, मोटार, रिसीव्हर, सुकाणू हलवणारे सर्व्हो असं सगळं सामान त्यात. नळ्याची दोन टोकं झाकणांनी बंद असतात. मागच्या झाकणातून पंख्याचा दांडा बाहेर येतो, त्याच्या आजूबाजूने सुकाण्याच्या दोन-तीन बारीक सळ्या. कुठूनतरी अँटेनाची तार निघते. बुडण्यासाठी पाणी आत घेणाऱ्या टाकीची एक नळी असते आणि शेवटी चालू-बंद करायचं बटण. मोजून आठ-नऊ जागा. चोर यांतलाच एक.

लाकडी जहाजांचा काळ या बाबतीत सैल होता. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये स्वराज्यात आली आणि दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याच्या खाडीत शिवाजी महाराजांनी जहाजबांधणी सुरू केली, तेव्हाच्या गलबतांतही पाणी झिरपायचंच. फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा, वर राळ आणि तेल चोपडायचं, लाकूड भिजून फुगलं की उरलेली फट आपोआप मिटायची, आणि तरीही तळाशी साठलेलं पाणी उपसायला माणूस असायचा. पाणबुडीत ती सोय नाही. पावणेदोन लीटरच्या नळ्यात पन्नास मिलिलीटर पाणी आलं तरी पाण्याखाली तरंगण्याचा सगळा हिशेब बिघडतो आणि ती शांतपणे तळाशी जाऊन बसते. आत उघड्या तारा आहेत त्या वेगळ्याच.

म्हणून नळा उघडून आत ओल दिसली की माणूस घाबरतो आणि दिसेल त्या फटीवर एमसील थापतो. थांबायला हवं. आधी ती ओल नक्की कसली आहे, हे ठरवायला हवं.

ठाण्याची हवा दमट. जुलैत ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एक घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम पाण्याची वाफ असते. आपला नळा पावणेदोन लीटरचा. त्यातली सगळीच्या सगळी वाफ पिळून काढली तरी सत्तेचाळीस मिलिग्रॅम भरेल, म्हणजे जेमतेम एक थेंब. आणि तलावाच्या पाण्याने नळा थोडा गार झाला म्हणून सगळी वाफ काही बाहेर पडत नाही, तिचा थोडासाच भाग भिंतीवर बसतो. तेव्हा झाकणाच्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर आतून धुकं धरलं असेल तर ती हवेतली वाफ आहे, काळजी सोडा. पण तळाशी थेंब घरंगळताना दिसला, एक सोडून दुसरा दिसला, तर तो बाहेरूनच आलाय. एवढी साधी कसोटी असूनही कित्येक लोक नुसत्या धुक्यासाठी चांगलं सील उखडून काढतात.

दुसरी फसगत उघडतानाची. झाकण नळ्यात घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे ते ओढताना पंपाच्या दट्ट्यासारखं वागतं. आत निर्वात पोकळी निर्माण होते, आणि सांध्याच्या कडेला बाहेर जे पाणी चिकटलेलं असतं ते झाकण सुटण्याच्या क्षणी सुर्रकन आत ओढलं जातं. म्हणजे गळती झालीच नव्हती, ती आपण उघडताना केली. यावर उपाय म्हणजे झाकणात एक छोटा स्क्रू, खाली रबरी वॉशर. पाण्यातून काढल्यावर नळा कोरड्या फडक्याने पुसायचा, आधी हा स्क्रू सैल करायचा, मग झाकणाला हात लावायचा. बंद करतानाही हाच स्क्रू उपयोगी. झाकण एक सेंटिमीटर आत दाबलं की आतली हवा दोन टक्क्यांहून जास्त दाबली जाते. वीस-पंचवीस सेंटिमीटर पाण्याइतका तो दाब झाकणाला हळूहळू परत बाहेर ढकलत राहतो. स्क्रू उघडा ठेवून झाकण बसवावं, स्क्रू सर्वांत शेवटी आवळावा.

ओल खरी आहे आणि उघडतानाची नाही, हे ठरल्यावर पुढचा प्रश्न येतो: पाणी शिरलं कधी? बहुतेकांचा समज असतो की पाणबुडी जितकी खोल, तितकी गळती जास्त. खऱ्या खांदेरीसाठी ते खरं. पण आपली प्रतिकृती जाते किती खोल? फार तर एक मीटर. एक मीटर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या दहावा हिस्सा. यापेक्षा मोठा खोडसाळपणा ठाण्याचं ऊन करतं.

एप्रिलची दुपार घ्या. काळ्या रंगाची पाणबुडी तासभर गाडीच्या डिकीत किंवा काठावर उन्हात पडलेली. आतली हवा ५० अंशांपर्यंत सहज तापते. स्क्रू त्याच अवस्थेत आवळला आणि ती २७ अंशांच्या पाण्यात सोडली. आतली हवा गार होते आणि तिचा दाब सात टक्क्यांनी उतरतो. हा उतार सत्तर सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका आहे. म्हणजे पाणबुडी अजून पृष्ठभागावरच तरंगते आहे, बुडी मारलेलीच नाही, तरी प्रत्येक सांध्याला वाटतंय आपण पाऊण मीटर खोल आहोत. वर एक मीटर बुडी मारली की बेरीज होते. म्हणून नळा सावलीत ठेवावा, पाण्यात दहा मिनिटं स्क्रू उघडा ठेवून थंड होऊ द्यावा (स्क्रू अर्थात वरच्या बाजूला, पाण्याबाहेर), आणि मग आवळावा. या एका सवयीने किती ‘गळक्या’ पाणबुड्या बऱ्या होतील, याची यादी करायला मजा येईल.

पिस्टनची टाकी असलेल्या पाणबुडीत तर आणखी विचित्र प्रकार घडतो. बुडण्यासाठी पिस्टन मागे सरकून टाकीत समजा दीडशे मिलिलीटर पाणी घेतो, तेवढी जागा आतल्या हवेची जाते. सामान वगळता आत सव्वा लीटर हवा असेल तर तिचा दाब तेरा-चौदा टक्क्यांनी चढतो, म्हणजे बाहेरच्या एक मीटर पाण्याच्या दाबापेक्षा जास्त. त्यामुळे पाणबुडी पाण्याखाली असताना बारीक भोकातून पाणी आत येत नाही, उलट हवा बाहेर जाते. मग ती वर येते, पिस्टन पाणी बाहेर टाकतो, आणि आता आत पूर्वीपेक्षा कमी हवा आहे. दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो आणि त्याच भोकातून पाणी आत येतं, तेही पृष्ठभागावर, सगळं सुरळीत झालं असं वाटत असताना. ‘खाली असताना कोरडी होती, वर आल्यावर ओली झाली’ अशी तक्रार कुणी केली तर त्याला वेड्यात काढू नये.

हे सगळं पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. पाणी शेवटी येतं. त्याच्या आधी हवा ये-जा करून गेलेली असते. म्हणून चोर पकडायचा तो हवेच्या मदतीने, घरी, कोरड्यात. शिवाय हवा पाण्यापेक्षा जवळजवळ पन्नासपट कमी चिकट. सारख्याच दाबाला, सारख्याच बारीक फटीतून पाणी जितकं जाईल त्याच्या पन्नासपट हवा जाते. पाण्यात तासभर बसून जे कळणार नाही ते हवा मिनिटा-दोन मिनिटांत सांगते.

लागणारं सामान अगदी किरकोळ. गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइपची दोन-अडीच मीटर नळी घ्यायची, ती यू आकारात एका फळीवर ठोकायची, आत रंगीत पाणी भरायचं. यूचं एक तोंड उघडं ठेवायचं. दुसरं तोंड टी-जोडाने नळ्याच्या स्क्रूच्या भोकाला आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ५० मिलिलीटरच्या सिरिंजला जोडायचं. सिरिंज एकदा पूर्ण ओढली की सव्वा लीटर हवेचा दाब चार टक्क्यांनी उतरतो आणि यूच्या दोन बाजूंच्या पाण्यात चाळीस सेंटिमीटरचा फरक पडतो. सिरिंजची नळी चिमट्याने बंद करायची, फळीवर पेन्सिलने खूण करायची आणि बघत बसायचं. फरक कमी होत गेला की हवा आत येते आहे.

बघत बसताना नळ्याला हात लावू नये. हे गंमत म्हणून लिहीत नाही. आतली हवा एका अंशाने तापली की दाब एक-तृतीयांश टक्क्याने चढतो आणि पाण्याची पातळी तीन-साडेतीन सेंटिमीटर हलते. तळहाताची ऊब, डोक्यावरचा पंखा, खिडकीतून सरकत आलेलं ऊन, यांतलं काहीही एवढा बदल घडवू शकतं. मुळात सिरिंज ओढल्यावरही आतली हवा क्षणभर थंड होते, त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांचं वाचन सोडूनच द्यावं. आणि कुणाला वाटलं की सकाळी दहाला लावून दुपारी चारला बघू, तर त्यातही गोम आहे. आपल्या अक्षांशांवर हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत वर असतो आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत खाली, फरक तीन मिलिबारच्या आसपास. म्हणजे पाण्याचे तीन सेंटिमीटर. गळती एका थेंबाचीही नसताना यूमधलं पाणी सरकलेलं दिसेल. दहा-पंधरा मिनिटांची, बंद खोलीतली, पंखा बंद करून केलेली तपासणी सर्वांत भरवशाची.

किती उतार चालेल? दहा मिनिटांत दहा सेंटिमीटर उतरले असं धरू. म्हणजे दहा मिनिटांत बारा मिलिलीटर हवा, तासाला सत्तर. पाणी त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याने, म्हणजे तासाला दीड मिलिलीटरपेक्षा कमी. अर्ध्या तासाच्या फेरीसाठी हे फार नाही, पण मी एवढ्यावर पाण्यात सोडणार नाही, कारण गळतीला वाढायची सवय असते. दहा मिनिटांत एक-दोन सेंटिमीटर असेल तर मात्र खुशाल निघावं. शून्याच्या मागे लागणारे लोक शेवटी पाणबुडी कधी चालवतच नाहीत.

इथे कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, पंक्चरवाला ट्यूब फुगवून घमेल्यात बुडवतो तसं करा, बुडबुडे दिसतील. पद्धत चांगली आहे, पण तिचे दोन धोके आहेत. पहिला धोका जिवाचा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावून दोन किलोचा दाब भरला तर ७५ मिलिमीटरच्या पाइपच्या एका झाकणावर पंचाहत्तर किलोंहून जास्त जोर येतो. झाकण सुटलं तर बंदुकीच्या गोळीसारखं जाईल. फुंकायचंच असेल तर तोंडाने, सिरिंजने, किंवा त्याहून सोपं म्हणजे बंद नळा गिझरच्या कोमट पाण्यात बुडवून. दहा अंश तापला की आत चौतीस सेंटिमीटर पाण्याइतका दाब आपोआप तयार होतो, पंपच नको.

दुसरा धोका सूक्ष्म आहे आणि तोच माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा. पंख्याच्या दांड्यावर बसवलेलं ओठाचं सील, म्हणजे बाजारात ज्याला ऑइल सील म्हणतात त्याची छोटी आवृत्ती, दिशेचं असतं. त्याचा रबरी ओठ पाण्याच्या बाजूला तोंड करून बसवतात, म्हणजे बाहेरचा दाब वाढला की ओठ दांड्याला आणखी घट्ट चिकटतो. आतून हवा फुंकली की तोच ओठ उचलला जातो आणि बुडबुडे फसफसून बाहेर येतात. सील उत्तम आहे, तपासणी उलट्या बाजूने झाली आहे. याच्या उलट, सील चुकून उलटं बसवलं असेल तर फुंकून केलेली चाचणी ते दिमाखात पास करेल आणि तलावात ते गळेल. सिरिंज ओढून केलेल्या तपासणीत दाबाची दिशा पाण्यातल्यासारखीच असते, म्हणून आधी ती. बुडबुडे नंतर, जागा शोधण्यापुरते, तेही दांड्यावरचे सोडून बाकीच्या सांध्यांसाठी.

मोठ्या पाणबुड्यांनाही ही हवेची तपासणी नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी पाणबुड्या बुडी मारण्याआधी सगळी झाकणं बंद करून आत थोडी दाबाची हवा सोडत आणि वायुभारमापकाचा काटा टिकून राहतो का ते पाहत. काटा टिकला तर बुडी. आणि तपासणीवर आंधळा विश्वास ठेवल्याने काय होतं याचं उदाहरण त्याच काळातलं आहे. ‘एचएमएस थेटिस’ ही नवी ब्रिटिश पाणबुडी १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी गेली. टॉर्पेडोच्या नळीचं आतलं दार उघडण्यापूर्वी नळीत पाणी आहे का हे कळावं म्हणून दारात एक बारीक तोटी असते. ती उघडली, पाणी आलं नाही, म्हणून नळी रिकामी समजून दार उघडलं. नळीचं बाहेरचं झाकण उघडं होतं आणि समुद्र थेट आत शिरला. तोटीचं भोक रंगाने बुजलेलं होतं. १०३ जणांपैकी चौघे वाचले. आपल्या यूच्या नळीतही चिमटा चुकीच्या जागी लागला, किंवा ग्रीसचा गोळा नळीत अडकला, तर पातळी तासभर ढिम्म हलणार नाही आणि आपण खूश होऊ. म्हणून तपासणीच्या शेवटी स्क्रूची जागा मुद्दाम सैल करून पाणी झपकन खाली येतं ना, हे बघायलाच हवं.

गळती आहे हे कळलं, आता जागा. पाणी सापडतं तिथे शिरलेलं नसतं, पाणबुडी नाक खाली करून बुडी मारते तेव्हा मागून आलेलं पाणी पुढे जमतं. त्यामुळे वर्तमानपत्राच्या कागदाच्या पट्ट्या कापून त्यांवर स्केचपेनने ठिपके द्यावेत आणि प्रत्येक सांध्याच्या आतल्या बाजूला एकेक पट्टी चिकटवावी. नळा बादलीत अर्धा तास दाबून ठेवायचा, वर विटा. बॉलपेनचा ठिपका पाण्याला दाद देत नाही, स्केचपेनचा फुटतो आणि फुलासारखा पसरतो. ज्या पट्टीवरचे ठिपके फुटले ती जागा. आणखी बारकाईत जायचं तर बादलीच्या पाण्यात हायलायटर पेनची कांडी पिळावी आणि नंतर नळा उघडून नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चने आत बघावं. पाण्याने घेतलेली वाट हिरवट चमकते.

बहुतेक वेळा ही वाट झाकणापाशी निघते. झाकणाच्या खोबणीत बसलेली ओ-रिंग पाणी अडवते ती दोन बळांवर. एक, ती खोबणीत थोडी चेपून बसलेली असते, तीन मिलिमीटर जाडीची रिंग साधारण अर्धा मिलिमीटर. दोन, बाहेरचा दाब तिला खोबणीच्या पलीकडच्या भिंतीवर रेटतो आणि ती आणखी घट्ट होते. खोल जाणाऱ्या पाणबुडीला हे दुसरं बळ भरपूर मिळतं. आपल्या एक मीटरच्या खेळण्यात ते जवळजवळ नाहीच. म्हणजे जी रिंग शेकडो मीटर खोलीचा दाब सहज सोसेल तीच वीतभर पाण्यात गळू शकते, कारण इथे सगळी भिस्त चेपण्यावर आहे. आणि चेपणं बिघडवायला फार काही लागत नाही. आडवा पडलेला एक केस पुरतो. नळ्याच्या लांबीच्या दिशेने गेलेला ओरखडा पुरतो. घेराच्या दिशेने गेलेला ओरखडा तितका वाईट नाही, पाण्याला तो पलीकडे नेत नाही.

सर्वांत मोठा गुन्हेगार मात्र पाइप स्वतः. सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप गोल असतो हा आपला गोड गैरसमज. दुकानात आडवे रचून ठेवलेले पाइप वजनाने चेपतात आणि अर्धा मिलिमीटर लंबगोल व्हायला वेळ लागत नाही. रिंगचं चेपणंच अर्धा मिलिमीटर, मग एका बाजूला ती आवळून बसते आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम टेकते. उपाय एकच, पाइपच्या दोन्ही टोकांत लेथवर फिरवून गोल केलेली कडी चिकटवणं. वागळे इस्टेट किंवा डोंबिवली एमआयडीसीतला कुणीही टर्नर हे अर्ध्या तासाचं काम आहे म्हणेल, आणि बहुधा पाइप हातात घेऊन, फिरवून, ‘हा गोल कुठंय?’ असंही विचारेल. खोबण कापायचीच असेल तर तीही त्याच्याकडूनच घ्यावी. रिंग मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हव्या त्या मापात मिळते. काळी नायट्राइल रबराची घ्यावी आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ, चमक येईल इतकाच थर द्यावा. ग्रीस सील करत नाही, रिंग सरकू देतं. खोबणीत गच्च भरलं तर त्यात फक्त माती चिकटते. सिलिकॉन रबराच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावू नये, ती फुगते. सुकाण्याच्या सळ्यांवर बसवलेल्या नैसर्गिक रबराच्या टोप्यांना व्हॅसलीन लावू नये, त्या विरघळल्यासारख्या होतात.

दांड्याच्या सीलला ठाण्याच्या तलावांत एक खास शत्रू आहे: निर्माल्यातला दोरा. हारातला, गजऱ्यातला, कधी पतंगाचा. पंख्यात अडकून तो दांड्याभोवती गुंडाळला जातो, आत सरकतो आणि रबराचा ओठ चिरतो. प्रत्येक फेरीनंतर पंखा काढून बघावा. काही जण दांड्यासाठी भोक पाडतच नाहीत. मोटारीला आतून एक चुंबक, पंख्याला बाहेरून दुसरा, मध्ये पातळ बंद भिंत. ताकद थोडी कमी मिळते, पण जिथे भोकच नाही तिथे गळणार काय?

एक गळती अशी आहे जी वरच्या सगळ्या तपासण्या चुकवून महिनोन् महिने छळते. अँटेनाची तार इपॉक्सीने झाकणात पक्की बसवलेली असते, इपॉक्सीला तडा नाही, तरी त्या तारेखाली थेंब दिसतो. तारेच्या प्लास्टिकच्या आत तांब्याचे बारीक धागे असतात आणि धाग्यांच्या मधल्या फटींतून केशाकर्षणाने पाणी हळूहळू चढतं. बाहेरचं टोक कापलेलं, उघडं असतं आणि तिथूनच ते शिरतं. तार झाकणातून जाते त्या जागी आवरण सोलून, धाग्यांत सोल्डर मुरवून, मग इपॉक्सी ओतलं की वाट बंद. टेफ्लॉनच्या आवरणाला इपॉक्सी चिकटतच नाही, ती तार इथे वापरू नये. आणि तारांजवळ सिलिकॉन सीलंट वापरणार असाल तर व्हिनेगरचा वास येणारं नको, त्यातलं आम्ल तांबं खातं.

अँटेनाचा विषय निघालाच आहे तर पाण्याबद्दलही बोलू. हल्लीचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट पाण्याखाली हातभरही पोचत नाहीत. जुने २७ किंवा ४० मेगाहर्ट्झचे गोड्या पाण्यात दोन-तीन मीटर पुरतात. खाऱ्या पाण्यात मात्र तेही विरतात, म्हणून ठाण्याची खाडी किंवा दुर्गाडीचा काठ या खेळाला उपयोगाचा नाही. नौदलालासुद्धा पाण्याखालच्या पाणबुड्यांशी बोलायला तिरुनेलवेलीजवळ ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे अतिदीर्घ लहरींचं केंद्र उभारावं लागलं. मासुंदा, उपवन, कचराळी, कल्याणचा काळा तलाव ही गोड्या पाण्याची ठिकाणं आहेत, पण पाणी हिरवं, वीतभर खाली गेलेली काळी पाणबुडी दिसत नाही. पहिल्या फेऱ्या तरणतलावाच्या व्यवस्थापनाला विनंती करून तिथे केलेल्या बऱ्या. रिमोटचा संपर्क तुटला की मोटार बंद आणि टाकी रिकामी व्हावी, अशी व्यवस्था रिसीव्हरमध्ये आधीच करून ठेवावी, आणि पाणबुडी मुळातच किंचित हलकी ठेवावी, म्हणजे मोटार थांबली की ती आपण होऊन वर येईल.

आत ओल शिरल्याचं वेळीच कळावं म्हणून लॅमिंग्टन रोडवर मिळणारा टाकी भरल्याचा भोंगा आहे. त्याच्या दोन उघड्या तारा नळ्याच्या तळाशी एक मागे, एक पुढे ठेवू नयेत. दोन्ही जवळजवळ, एक मिलिमीटर अंतरावर, आणि अशा दोन जोड्या, दोन टोकांना. भोंग्याऐवजी त्याच खुणेवर टाकी रिकामी करायला लावली तर उत्तम.

पाणी शिरलंच तर बॅटरी सर्वांत आधी बाहेर. लिथियमची असेल तर ती घरात न ठेवता मोकळ्यावर, विटांवर ठेवावी, पुन्हा चार्ज करू नये. बाकीचं सामान डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून वाळवावं. शिसं-आम्लाची बॅटरी बंद नळ्यात कधीही चार्ज करू नये, तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि रिलेच्या एका ठिणगीवर झाकण उडू शकतं. पावसाळ्यात पाणबुडी चार महिने माळ्यावर जाणार असेल तर झाकणं बसवून ठेवू नयेत. चेपलेली रिंग त्याच आकारात आळशी होते, पुन्हा फुगत नाही. रिंगा खोबणीतून काढून, पुसून, पिशवीत घालून ठेवाव्यात, आणि नवरात्रात पाणबुडी खाली काढली की त्या बोटांत फिरवून बघाव्यात. एक बाजू चपटी लागली तर नवी.